कपिलधारचा कोट

केजला आमच्या शकूआत्याकडं गेलं, की ती आधी आलेल्याच्या शर्टाची कड चिमटीत धरते आणि विचारते, "हे कवा फाटायचं रं?" चहा त्यानंतर.

आयुष्यभर तिनं गोधड्या शिवल्या. नवं कापड दाखवलं तर म्हणते, "बरं हाय, पर कच्चं हाय." धुऊन धुऊन मऊ झाल्याशिवाय तिच्या लेखी कापड पिकतच नाही.

गेल्या वर्षी तिनं गोधडी बाजूला ठेवून कोट शिवायला घेतला. नातीसाठी. तिच्या मुलाची, पुण्याच्या विलासची सई, आठ वर्षांची असताना आली होती. आत्यानं तिला कपिलधारला नेलं. घरी येऊन पोरीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर धबधबा रंगवला. तेच चित्र आत्या आता तुकड्याला तुकडा जोडून कोटाच्या पाठीवर उतरवत होती. तांदळाएवढा टाका. आतोबांच्या धोतराचा धबधबा, माझ्या सफारी पँटचा कडा. पँट बुडाशी विरली होती, तिथं तिनं हिरवं शेवाळ लावलं. एवढ्या उपयोगाला मी याआधी कधी पडलो नव्हतो.

सूर्य मात्र जांभळा. शेजारची कमल म्हणाली, "आत्या, जांभळा सूर्य कुटं असतोय का?"

"पोरीनं काढलाय न्हवं? मंग असतोय."

त्यापायी माझ्या बायकोचा धडधाकट ब्लाऊज गेला.

दिवाळीला पाहिलं, तर कोट तयार. फक्त बाह्या नव्हत्या. सई आता चौदाची. सहा वर्षांत शाळा, क्लास, परीक्षा यांतून तिला केजला यायला जमलेलं नाही. मी शहाणपणा केला.

"आत्या, विलासला फोन लावतो. हाताचं माप दोन मिनिटांत येईल. बाह्या लाव, कोट कुरिअरनं पाठवून देऊ."

आत्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि पालथा ठेवला.

"लई शाना हायेस. माप अंगावरच घ्यावं लागतं."

"अगं, पण सगळे आता फोनवरच..."

"फोनवर माप दिलं, तर ती हितं येईल कशाला?"

घरी आल्यावर विलासला एवढंच कळवलं, की कोट अडून राहिलाय. "बघतो," म्हणाला.

आत्या रोज दुपारी कोट मांडीवर घेते आणि शिवून झालेल्या धबधब्यातच टाक्यांची आणखी एक ओळ घालते. आता इतके टाके पडलेत, की खाली ठेवला तर कोट कुणाच्या अंगावर नसतानाही ताठ उभा राहतो.