जेवणाच्या सुट्टीची केस

भोईरसर कुठल्याही खुर्चीवर एकदम बसत नसत. आधी मधोमध, मग कडेला, मग एक पाय उचलून आणि शेवटी मांडीवर बॅग घेऊन. चारही वेळा खुर्ची टिकली की "पास" म्हणायचे आणि मगच पाठ टेकायचे. पुतणीच्या लग्नात त्यांची खुर्ची पास होईपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या.

मी अंबाडी गावचा, घरातला पहिला पदवीधर. दोन हजार सहा-सातच्या सुमारास काल्हेरच्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात लागलो. गोदामाचा लोखंडी सांगाडा किती भार सोसेल, हे आम्ही कॉम्प्युटरवर तपासायचो. नुसता माल ही एक केस, माल आणि वारा ही दुसरी, अशा एकेक केस लावायच्या. हे काम मला भोईरसरांनी शिकवलं. आजही माझं घर त्यावरच चालतं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, कसे आहात?"

"केस कोणती? उपाशी की जेवून?"

चहालाही क्रम होता. "आधी चहा, मग बिस्कीट. उलटं केलं तर उत्तर बदलतं." मला त्यांनी दोन्ही प्रकारे खायला लावलं. फरक कळला नाही, पण मी "हो सर" म्हटलं.

एकदा दापोड्याच्या गोदामातल्या लोखंडी माळ्याचं काम आलं. मालकाला त्यावर दुप्पट माल ठेवायचा होता. सरांनी आठ केस लावल्या. सात सुटल्या, आठवी अडली. तिचं नाव 'जेवणाची सुट्टी'. माळा मालानं गच्च भरलेला, आणि वर खिडकीच्या कोपऱ्यात तेरा माणसं डबे उघडून बसलेली! ती केस तीन-तीन तास चालायची आणि शेवटी कॉम्प्युटर सांगायचा, उत्तर येत नाही. मध्येच शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम गप्प झाले की समजायचं, वीज गेली. मग पुन्हा पहिल्यापासून.

आमचे शेठ काल्हेरचेच. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आरं भोईर, तू माळ्याचं डिझाइन करतोस का पंगतीचं? उद्या सकाळी पार्टी येनार हाय. ती केस काढ, न्हाय तं काम गेलं समज!"

शेठ गेल्यावर मी शहाणपणा केला. "सर, मालाचं उत्तर वेगळं काढू, माणसांचं वेगळं. मग बेरीज करू. लगेच होईल."

सरांनी मला उभं केलं आणि हातांवर कागदांचा एक खोका ठेवला. "पास." दुसरा ठेवला. मी कमरेत वाकलो. मग त्यांनी माझ्या पाठीवर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला. मी खोक्यांसकट खालीच बसलो.

"डबा एकटा जड आहे का?"

"नाही सर."

"मग बसलास कशाला? वाकलेल्यावरचा भार वेगळा असतो बाळा. त्याची बेरीज होत नाही. चल."

स्कूटरवरून आम्ही दापोड्याला गेलो. हमालांची जेवायची सुट्टी झालेली. माळ्यावर खिडकीशीच काय तो वारा, म्हणून सगळे त्याच कोपऱ्यात दाटीवाटीनं बसले होते. "आओ साहब, आज देर कर दी," एक जण म्हणाला, आणि घास न थांबवता थोडा सरकला. मी मोजले. बाराच होते.

मग सर त्या सरकलेल्या जागेत बसले. एकदम. काही न तपासता.

"सर, रोज इथंच जेवता?"

"ही गेल्यापासून." डबा उघडत ते म्हणाले, "घरी एकट्यानं जेवायची केस लावून बघितली. उत्तर येत नाही."

मला हमालांनी दोन मिरच्या आणि अर्धी रोटी दिली.

परतल्यावर सरांनी नकाशात त्या कोपऱ्याखाली एक खांब वाढवला. संध्याकाळी केस सुटली. "एका खांबाचंच काम व्हतं तं दोन दिस माझा जीव कशाला खाल्लास?" असं म्हणत शेठ नकाशा घेऊन निघाले. मी कॉम्प्युटर बंद करायला उठलो.

"थांब," सर म्हणाले. त्यांनी फाईल पुन्हा उघडली, तेराचे चौदा केले आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"तुझं वजन किती रे? डबा धरून सांग."