अडचण नसल्याचा दाखला

ज्याला वाचता येत नाही त्याने तसे लेखी कळवावे, ही कोणत्याही सुधारलेल्या समाजाची पहिली अट आहे. तोंडी सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा म्हटलं तर उद्या कोणीही उठून मदत मागेल, आणि मग ती द्यावी लागेल.

हा धोका वेळीच ओळखून आमच्या शाळेच्या मागे ‘अध्ययन अडचण मूल्यमापन व आधार केंद्र’ उघडण्यात आले. केंद्र अतिशय सुंदर आहे. भिंती फिकट हिरव्या आहेत (मुलांना शांत वाटावे म्हणून). खुर्च्या बालवाडीच्या मापाच्या आहेत (पालकांना नम्र वाटावे म्हणून). दारावर मोठी पाटी आहे. वाचण्यात अडचण असणाऱ्यांनी आत येण्यापूर्वी काय काय वाचावे, ते तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले आहे. मला ती पाटी फार आवडते. लांबून पाहिली तर मुंग्यांची मिरवणूक दिसते. जवळून पाहिली तरी तीच दिसते.

माझं म्हणाल तर अक्षरं माझ्यासमोर शाळा सुटल्यासारखी वागतात. एकाला हाताला धरून रांगेत आणावं, तोवर दुसरं फाटकाबाहेर. ऐकलेलं मात्र माझ्या डोक्यातून काढून दाखवा! याचं श्रेय आईला. आई बसस्थानकावर घोषणा करते. संध्याकाळी घरी आली की इस्त्री करता करता माझे धडे मोठ्याने वाचते, फक्त आवाज कामावरून घरी यायला तयार नसतो. “कृपया लक्ष द्या. राज्यक्रांतीची कारणे पुढीलप्रमाणे आहेत. महागाई थोड्याच वेळात राजवाड्यासमोर येत आहे. राजाने आपले सामान स्वतः सांभाळावे.” असा इतिहास एकदा ऐकला की जन्मात विसरत नाही.

पण परीक्षा इस्त्रीच्या टेबलाशी होत नाही. गेल्या वर्षी मी इतिहासाचा दुसरा प्रश्न वाचत होते आणि शेवटची घंटा झाली. आख्खी राज्यक्रांती पोटात घेऊन घरी आले. यंदा परत नापास झाले तर शाळेतून नाव जाणार होतं. (मुख्याध्यापक ‘नाव काढू’ म्हणाले नाहीत. माणूस मायाळू. ‘मोकळं करू’ म्हणाले.) वाचायचा केवळ एकच मार्ग राहिला होता: केंद्राचा दाखला. तो असला की परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला एक वाचक मिळतो आणि वर अर्धा तास जादा.

तर आम्ही गेलो. आईपुढे संमतीपत्र आलं. तिने शेवटचं पान उलटून ‘वरील मजकूर वाचून समजून घेतला आहे’ याच्याखाली सही ठोकली.

“आई, काय लिहिलंय गं?”

“नेहमीचंच.”

“म्हणजे काय?”

“अगं, बोट ठेवतात तिथे सही करायची. मागे रांग आहे, दिसत नाही का?”

आत तपासनीस बाई होत्या. आवाज असा गोड की त्यात मुंगी पडली तर बाहेर येऊ नये. “अजिबात घाई करायची नाही हं बाळा,” असं म्हणून त्यांनी घड्याळ सुरू केलं. मी रीतसर सावकाश वाचलं. तिसऱ्या प्रश्नापाशी वेळ संपली.

निकाल तिथल्या तिथे मिळाला. चाचणी अपूर्ण. अपूर्ण चाचणी तपासता येत नाही. तपासलेली नाही म्हणजे त्यात अडचण सापडलेली नाही. सापडलेली नाही म्हणजे ती नाही.

“पण बाई, मला वाचायला वेळ लागतो, हेच तर तपासायला आलेय मी!”

“हो ना राजा. पण त्यासाठी चाचणी वेळेत पूर्ण करायला हवी.”

“वेळेत झाली असती तर आले कशाला असते?”

बाईंनी कौतुकाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “इतर शाळांतली बरीच मुलं हाच प्रश्न विचारतात,” त्या म्हणाल्या. “फार हुशार असतात गं ती.”

आणि त्यांनी मला शिक्का मारून ‘अडचण नसल्याचा दाखला’ दिला. आईने तो कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला. मला आयुष्यात मिळालेलं हे पहिलंच प्रमाणपत्र होतं.

माझ्यानंतर पहिलीचा नंबर होता. पहिली म्हणजे इयत्ता नव्हे, आमच्या वर्गातली मुलगी. कायम पहिली येते म्हणून तिला सगळे पहिलीच म्हणतात, तिची आईसुद्धा. तिने चाचणी अर्ध्या वेळात संपवली आणि तिच्यात गंभीर स्वरूपाची अडचण आढळली. आढळणारच. त्यासाठी ती चार महिने क्लासला जात होती. बसस्थानकासमोर, पहिल्या मजल्यावर, ‘हमखास अडचण’ नावाचा क्लास आहे. तिथे दुसऱ्या ओळीत अडखळायचं कसं, अक्षर उलटं काढायचं कुठे आणि त्यानंतर उसासा टाकायचा किती लांब, हे पद्धतशीर शिकवतात. चुका इतक्या सुबक होतात की तपासनीस बाईंना खूण करायलाही जीव होत नाही. उलट माझ्यासारख्या मुलांच्या चुका घरगुती. कशाही, कुठेही.

“आता सगळ्यांकडे असतो हा दाखला,” पहिलीची आई माझ्या आईला म्हणाली. “तुम्ही अजून घेतला नाही?” (हे तिने धुलाई यंत्राबद्दल विचारावं तसं विचारलं.)

केंद्र स्वतः या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असतं. दाखला मिळालेली नव्वद टक्के मुलं वर्गात पहिल्या दोन बाकांवर बसतात, हे केंद्राच्याच लक्षात आलं. त्यावरून पुढे बसल्याने वाचनाची अडचण उद्भवते असा निष्कर्ष निघाला आणि बाकं मागे सरकवायचा प्रस्ताव पाठवण्यात आला.

मी अपील केलं. अपील करणाऱ्याने आपली तक्रार समितीपुढे उभं राहून स्वतः वाचून दाखवायची असते. आईने अर्ज लिहिला आणि रात्री कुकरच्या शिट्ट्यांवरून आवाज चढवत मला एकदा ऐकवला. झालं, पाठ!

समितीत तिघे होते. अध्यक्ष, एक सदस्य आणि दुसऱ्या सदस्याच्या जागी आलेले एक गृहस्थ. मी कागद दोन्ही हातांनी समोर धरला, छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली: “कृपया लक्ष द्या. अर्जदार ही लहानपणापासून वाचनात मागे असून, तिला झालेल्या विलंबाबद्दल कोणीही दिलगिरी व्यक्त केलेली नाही!” खिडकीची तावदानं थरथरली. बाहेर दोन पालक सामान उचलून उभे राहिले.

एवढीच गोष्ट नमूद करायची की मी कागद उलटा धरला होता. म्हणजे कोरी बाजू माझ्याकडे आणि लिहिलेली समितीकडे. तिघांपैकी एकानेही तो वाचला असता तरी त्यांच्या ध्यानात आलं असतं.

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “काय वाचलंस पोरी! एकाही शब्दाला अडखळली नाहीस.”

“साहेब, ते मी वाचलं नाही. पाठ आहे.”

“विनयही आहे,” दुसऱ्याच्या जागी आलेले गृहस्थ म्हणाले.

अपील फेटाळलं. तिघांनी ‘अर्ज वाचला’ असं लिहून सह्या केल्या. तिसरे गृहस्थ सही करताना कोणाच्या नावाची करायची ते विचारत होते.

घरी जाताना कोपऱ्यावर आईने अर्जाची घडी करून पिशवीत टाकली. मग म्हणाली, “मी तुला जरा वाईट वाचून दाखवायला हवं होतं.” तेवढं एकच वाक्य ती तिच्या कामाच्या आवाजात बोलली नाही, म्हणून मला घाबरायला झालं.

आता कामकाजाची खरी शान पाहा. परीक्षा तोंडावर आली. दाखलेवाल्या मुलांना वाचक नेमायचे होते. नियम असा की वाचकाला स्वतः वाचनाची अडचण नसल्याचे सिद्ध झालेले असावे. मुख्याध्यापकांनी आख्खी शाळा धुंडाळली. अर्ध्यांकडे अडचण असल्याचे दाखले होते. उरलेल्यांची तपासणीच झालेली नव्हती, त्यांचा काय भरवसा? अडचण नाही असा शिक्कामोर्तब झालेला पुरावा सबंध शाळेत एकाच मुलीकडे होता. दागिन्यांच्या डब्याखाली.

अशा प्रकारे माझी पहिलीची वाचक म्हणून नेमणूक झाली.

“सर, मला वाचता येत नाही हो!”

“समितीसमोर येत होतं ना?” मुख्याध्यापक म्हणाले. “शाळेसमोरच नखरे का?”

वाचकाचाही पेपर असल्यामुळे त्याने तो त्याच खोलीत, त्याच वेळेत लिहावा, आणि उमेदवाराआधी खोली सोडू नये, असं नियमात आहे. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत आम्ही दोघीच. दाराशी पर्यवेक्षक, मोबाइलमध्ये मान घालून. मी इतिहासाचा पेपर हातात घेतला. मुंग्या. मिरवणूक. पोटात राज्यक्रांती तयार होती, प्रश्न तेवढा कळत नव्हता.

“वाच ना,” पहिली कुजबुजली.

“येत नाही.”

“खरंच?”

“शप्पथ.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी न शिकवलेलं पाहिलं. “बरंय बाई तुझं,” ती म्हणाली. “माझा पेपर दोन तासांत होतो. वरचा वेळ नुसती बसून घामाघूम होते. आई म्हणते, लवकर उठलीस तर दाखला जाईल.” मग तिने पेपरवर मान वाकवली आणि ओठ न हलवता पहिला प्रश्न माझ्यापुरता वाचला.

बोलण्याची परवानगी फक्त वाचकाला. म्हणून ती हळूच मला वाचून दाखवायची आणि मी तो तिला खणखणीत ऐकवायचे: “कृपया लक्ष द्या! प्रश्न दुसरा. कारणे लिहा!” पर्यवेक्षक दचकून खुर्चीत सरळ व्हायचे. मग आम्ही दोघी लिहायचो. माझी अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढत होती, पण गाडी चालू होती. दोन तासांनी पहिली पेन ठेवून डोळे मिटून बसली. माझा राजा अजून राजवाड्यातच होता. जादा अर्ध्या तासात मी त्याला शांतपणे खाली उतरवला.

मी पास झाले. पहिली पहिली आली. केंद्राच्या वार्षिक अहवालात आमचा दोघींचा फोटो आहे आणि खाली, असं आई सांगते, लिहिलंय: ‘अडचण असलेली विद्यार्थिनी प्रथम, अडचण नसलेली उत्तीर्ण. यश शंभर टक्के.’ पहिली हल्ली आमच्याकडे येते. आई इस्त्री करते आणि धडे पहिली वाचते. ती न अडखळता वाचते हे कोणाला सांगू नका, दाखला जाईल.

मला मात्र केंद्राने ज्येष्ठ वाचक म्हणून कायम केलं आहे. त्या अधिकाराने मी एक नवीन प्रकारची अडचण शोधून काढली आहे, जिच्यासाठी आजवर एकही मूल तपासायला आलेलं नाही: वाचता येत असून न वाचणे. पीडितांमध्ये माझी आई, मुख्याध्यापक आणि तिघांची समिती (पैकी एक बदली) आहे. तपासणी अगदी सोपी ठेवली आहे. चाचणी एका प्रश्नाची, पूर्ण नाही झाली तरी तपासली जाईल.

या, बसा. खुर्ची लहान आहे, सवय होईल. गेल्या वेळी तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘वाचले’ म्हणून सही केलीत ना? त्यात वर्गाच्या बाईंनी शेरा काय लिहिला होता, सांगा.

अजिबात घाई करायची नाही हं. अर्धा तास जादा देते. हवं तर मी वाचून दाखवते.