पहिल्या भागाचा अडसर

किल्लीकाकांनी दुपारी आपल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानाच्या शटरवर 'मालक परगावी गेले आहेत' अशी पाटी अडकवली आणि मालक रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत, स्वतःच्याच घरी, परगावी गेले. मागच्या जिन्याने, चपला हातात धरून दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना चांगलाच दम लागला. काकू दार किलकिलं करून उभ्याच होत्या.

"कुणी पाहिलं नाही ना?"

"मांजरानं पाहिलं. पण त्याचं काही कुलूपबिलूप नाही."

"आणि पिशवी कुठाय तुमची?"

"दुकानात कोंडून आलो. हत्यारं घरात असली की मला नाही म्हणवत नाही. आता कुणी पाय धरले तरी माझ्याकडे साधा पेचकस नाही!" हे सांगताना काकांची छाती फुगली होती.

एवढ्या निर्धाराला कारणही तसंच होतं. आठ वाजता 'उरलेली माणसं' या मालिकेचं नवं पर्व सुरू होणार होतं. सगळं जग झॉम्बी झालंय, मेलेली माणसं उठून चावत सुटली आहेत आणि मूठभर जिवंत माणसं जीव मुठीत धरून पळताहेत, अशी ती गोष्ट. मागच्या वर्षी शेवटच्या भागात मालिकेतली डॉक्टरीण एका शीतगृहात अडकली होती. बाहेर मेल्यांची झुंबड, लोखंडी दारावर नखांची खरखर, आणि त्या खरखरीत अचानक कुणीतरी दार ठोठावलं होतं. हळूच, माणसासारखं. मेले कधी ठोठावत नाहीत. मग कोण? तेवढ्यात पडदा काळा झाला होता. वर्षभर काका म्हणत होते, तो ट्रकवाला. काकू म्हणत होत्या, तिचा नवराच.

नव्या पर्वाचा पहिला भाग काकांच्या नशिबी कधी नव्हताच. पहिल्या पर्वाला समोरच्या मास्तरीणबाई गॅसवर दूध ठेवून बाहेर आल्या आणि वाऱ्यानं दार लागलं. दुसऱ्या पर्वाला वरच्या मजल्यावरचा पहिलवान न्हाणीघरात अडकला. त्याची व्यायामशाळा होती, दंड मांडीएवढे होते, पण कडी काही त्याला उघडेना. प्रत्येक वेळी काका पिशवी घेऊन धावले आणि घरी आले तेव्हा पडद्यावर नुसती नावं पळत होती.

तसं काकूंनाही एकटीला मालिका बघता येत नसे. त्यांना हौस दांडगी, पण छाती लहान. मेले दिसले की त्या डोळ्यांवर उशी दाबत आणि विचारत, "गेले का हो मेले?" काका म्हणत, "थांब, एक लंगडत येतोय. हां, गेला. बघ आता." उलट काकांचे कान जन्मभर लोखंड ठोकून ठोकून कामातून गेले होते. संवाद आला की ते विचारत, "काय म्हणाली?" आणि काकू कानाशी तोंड नेऊन सांगत. असे दोघं मिळून एक भाग पुरा बघत. एकट्यानं बघितला तर दोघांनाही अर्धाच मिळायचा.

काकूंची बेकरीतली पाळी साडेसातला संपायची. त्या कामाला निघताना काकांनी त्यांच्या हातावर किल्ली ठेवली. "सरळ कुलूप उघडून आत ये. घंटेची तार मी काढलीये. फोन बंद करतोय. टीव्हीचा आवाजही बंद ठेवतो, तू आलीस की अगदी बारीक करू. आपण परगावी आहोत, लक्षात ठेव. जिन्यात कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही."

"आणि कुणी दार वाजवलं तर?"

"सुभेदार काय म्हणतात?" सुभेदार हे मालिकेतल्या जिवंत माणसांचे म्होरके.

"ठोका ऐकला म्हणून दार उघडायचं नाही," काकू म्हणाल्या.

"दार उघडणारा आधी मरतो!" काकांनी वाक्य पुरं केलं.

संध्याकाळभर काकांनी जय्यत तयारी केली. पडदे ओढले, दिवे मालवले. आठवडाभर खपून त्यांनी दाराला आतून एक लोखंडी अडसर बनवला होता. चांगली जाडजूड पट्टी, दोन्हीकडे खोबणी, हत्ती आला तरी हलणार नाही असं काम. तो लावायचा विचार नव्हता, नुसता हाताशी होता. पण पावणेआठला दाराची मूठ हलली. पहिलवानाला सवयच होती, दुकानावरची पाटी वाचूनही एकदा घराची मूठ फिरवून बघायची. काकांनी दोन मिनिटांपुरता अडसर सरकवला. पावलं वर गेली. तेवढ्यात टीव्हीवर मागच्या पर्वातली दृश्यं सुरू झाली, काका धावत येऊन खुर्चीत बसले आणि अडसर डोक्यातून साफ गेला.

आठला थोडा अवकाश असताना काकू वर आल्या. किल्ली फिरली, कुलूप उघडलं, दार मात्र जागचं हललं नाही. काकूंना क्षणात सगळा प्रकार कळला. त्यांनी हळूच टकटक केलं. मग किल्लीच्या भोकाला तोंड लावून त्या कुजबुजल्या, "अहो! मी आहे!" ज्या माणसाला मंडईतली आरोळी ऐकू येत नाही त्याला ही कुजबुज कुठून ऐकू येणार? आणि ओरडावं तर दोघं परगावी!

आत काकांना दार थरथरलेलं दिसलं. ते मनाशी हसले. काकू असती तर किल्लीनं सरळ आत आली असती, म्हणजे हे नक्कीच कुणीतरी दाराबाहेर अडकलेलं. यंदा नाही! त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

बाहेर काकूंनी जरा जोरात थाप मारली, तसं समोरचं दार उघडलं. मास्तरीणबाई.

"अगंबाई, तुम्ही तर परगावी ना?"

"आले परत," काकू गडबडल्या. "मी एकटीच. हे राहिलेत तिकडेच."

"मग आत कोण आहे?" मास्तरीणबाईंनी खाली बोट दाखवलं. दाराखालच्या फटीतून निळा उजेड लुकलुकत होता. मास्तरीणबाईंचा आवाज चाळीस वर्षं वर्ग सांभाळून तयार झालेला. "चोर! किल्लीकाकांच्या घरात चोर! आणि आतून कडी लावून बसलाय मेला!"

"अहो बाई, नको, तसं नाहीये ते..."

पण पहिलवान चार-चार पायऱ्या उतरत खाली आलाच. त्याच्यामागे सगळा जिना भरला. सगळेच हीच मालिका बघत होते. जाहिराती लागल्या म्हणून चोर धरायला त्यांना सवडही होती. पहिलवानानं बाह्या सरसावल्या. "काकू, बाजूला व्हा. काकांचे उपकार आहेत माझ्यावर."

इकडे जाहिराती संपल्या आणि पडद्यावर मेल्यांनी शीतगृहाच्या दाराला धडक दिली. त्याच क्षणी काकांच्या पाठीमागे जमीन हादरली. 'वा!' काकांना वाटलं, 'आवाज बंद असून केवढा परिणाम!' दुसऱ्या धडकेला भिंतीवरचं घड्याळ पडलं. काकांनी वळून बघितलं. त्यांचं स्वतःचं दार आत येत होतं. खोबण वाकली, अडसर पिळवटला, दाराला वीतभर फट पडली आणि त्या फटीतून एक हात आत आला. पांढराफटक. बोटं वळवळत होती.

काका किंचाळले. पण निर्धार कायम होता. त्यांनी चपलांचं कपाट ढकलत नेऊन दाराला लावलं, हातात उशी घेतली आणि त्या हातावर सपासप हाणायला सुरुवात केली. हातावरून पांढरी धूळ उडाली. काकांनी थबकून वास घेतला. मैदा. मग मनगटावरचा भट्टीच्या चटक्याचा डाग दिसला. तो डाग त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

"अगं, तू!"

"मीच! अडसर काढायला हात घातला, तर मारा अजून!" आता काकूंना कुजबुजायचं काही कारण उरलं नव्हतं. "अडसर कुणी लावायला सांगितला होता?"

"हे तर किल्लीकाका!" जिन्यात एकच गलका झाला. "परगावाहून आत कसे आले?"

काकांनी मान खाली घातली. कपाट बाजूला केलं आणि अडसराला हात घातला. तो हलेना. खेचला, ढकलला, लाथ मारली. पिळवटलेली पट्टी खोबणीत अशी रुतली होती की दार ना धड उघडे, ना धड मिटे. काम चोख होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"पेचकस घ्या की," पहिलवान म्हणाला.

"दुकानात आहे."

"पक्कड?"

"दुकानात. सगळी पिशवीच दुकानात आहे." काकांनी खिशातून दुकानाची किल्ली काढून फटीतून बाहेर धरली. "कुणीतरी पटकन जाऊन घेऊन या."

किल्ली घ्यायला कुणाचाच हात पुढे आला नाही. सगळ्यांचे डोळे फटीतून आत, काकांच्या खांद्यावरून टीव्हीकडे लागले होते. डॉक्टरीण हळूहळू दाराकडे निघाली होती.

"आणतो ना," पहिलवान नजर न हलवता म्हणाला, "हे एवढं संपलं की आणतो."

"काका, जरा सरका. आणि टीव्ही इकडे वळवा," मास्तरीणबाईंनी हुकूम सोडला. "आवाज मोठा करा. मागच्यांना ऐकू येत नाही."

काकांनी मुकाट्यानं टीव्ही दाराकडे फिरवला आणि आवाज वाढवला. फटीत एकावर एक डोकी रचली गेली. सगळ्यात वर पहिलवान, मध्ये मास्तरीणबाई, आणि सगळ्यात खाली, उंबऱ्याला टेकून, काकू. काका आतल्या बाजूनं त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. मध्ये फक्त दार होतं. वर्षभर वाट बघितली ती ही अशी! काकांना आपली फार शरम वाटली. त्यांनी उशी झटकून फटीतून बाहेर दिली. काकूंनी ती घेतली आणि डोळ्यांवर दाबली.

"गेले का मेले?" थोड्या वेळानं काकांच्या कानाशी उशीतून आवाज आला.

काकांचा जीव भांड्यात पडला. "थांब. दोघं आहेत अजून. हां, गेले. बघ आता."

काकूंनी उशी खाली केली. पडद्यावर डॉक्टरणीनं लोखंडी दारातली खिडकी सरकवली होती. बाहेर एक दाढी वाढलेला, चिखलानं माखलेला माणूस उभा होता. नवराच! जिन्यात टाळी पडली. काकूंनी फटीतून काकांकडे विजयानं पाहिलं. मग त्या माणसाचे ओठ हलले आणि सगळा जिना चिडीचूप झाला.

"काय म्हणाला?" काकांनी अधीरपणे विचारलं. "अगं, काय म्हणाला तो?"

काकूंनी काकांकडे निवांत बघितलं. "तो म्हणाला, 'इतक्या वर्षांचा संसार झाला, आणि तुला माझा ठोका ओळखता येऊ नये?'"

वर पहिलवानानं तोंडावर हात दाबला. मास्तरीणबाईंना ठसका लागला.

"खरंच असं म्हणाला?"

"अक्षर न् अक्षर."

काकांनी फटीतून हात बाहेर काढला आणि काकूंचा मैद्यानं भरलेला हात धरला.

"बरोबर आहे त्याचं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मग? ती काय म्हणाली?"

"काही नाही. ती दार उघडतेय त्याला."

पडद्यावर लोखंडी दार सरसर उघडत होतं. काकांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा डोक्यावरच्या पिळवटलेल्या अडसराकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"उघडेल नाही तर काय," ते म्हणाले, "तिची पिशवी घरात असेल."