बाजरीची पिशवी

सुरेखावहिनी चहाला यायची वेळ झाली, आणि नेमकी तेव्हाच प्रेमाला कपाटातली पिशवी सापडेना.

पिशवी साधी नव्हती. कॅन्सरच्या ऑपरेशनात प्रेमाची डावी छाती काढली, तेव्हा हॉस्पिटलने तिच्या जागी ठेवायला कापसाचा एक गोळा दिला होता. तो इतका हलका की हात जरा वर केला की गळ्याशी यायचा. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या फखरुन्निसाभाभींनी मलमलीची गोल पिशवी शिवली, बाजारातल्या पाखरंवाल्याकडून बाजरी आणून ती भरली आणि तळहातावर तोलून म्हणाल्या, "आता बसेल गो जागेवर." तशी ती बसली. अंघोळीच्या वेळी काढायची, बाहेर जाताना घालायची. चार वर्षांच्या ताराला प्रेमाने एवढंच सांगितलं होतं, की ही आईची आहे, हिला हात लावायचा नाही. एवढंच सांगणं ही चूक होती, हे तिला आता कळत होतं.

आजचा चहा नुसता चहा नव्हता. सुरेखावहिनी म्हणजे प्रेमाच्या नवऱ्याची, जगन्नाथची, थोरली भावजय; याच वाळवंटी देशात त्या अहमदीला तेलकंपनीच्या बंगल्यात राहायच्या. पुढच्या आठवड्यात त्या सुट्टीवर मायदेशी, मिरजेला निघाल्या होत्या आणि जाताना ताराला वर्षभरासाठी आजी-आजोबांकडे न्यायचं त्यांनी सुचवलं होतं. प्रेमाला विश्रांती मिळेल म्हणून. जगन्नाथ ऑपरेशनपासून सगळ्यांनाच हो म्हणत होता, तो याही वेळी हो म्हणाला. प्रेमाने भांडण केलं नाही. तेवढी शक्ती नव्हती. एकदा घरी येऊन बघा, माझं कसं चाललंय ते, एवढंच ती वहिनींना म्हणाली. मूल गेलं की घर शांत होईल आणि शांत घरात आपण दिवसभर आपल्याच शरीराकडे कान लावून बसू, हे तिला कुणाला सांगता आलं नव्हतं.

तारा पलंगाखाली सापडली. पिशवी तिच्या मांडीवर होती, अर्धी रिकामी, आणि तिच्या कडेला कात्रीने पाडलेलं एक तोंड होतं.

"हे काय केलंस तारा?"

"द बर्ड्स वेअर हंग्री," तारा म्हणाली. नर्सरीत जायला लागल्यापासून गुन्ह्यांची कबुली ती इंग्रजीत द्यायची.

गॅलरीत अख्ख्या सालमिया वस्तीतली निम्मी कबुतरं बाजरी टिपत होती. प्रेमाने दार लावलं. रागवायचं ठरवलं तर बसावं लागलं असतं, आणि बसलं की उठायला वेळ लागायचा. म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. बाजरी नव्हती, तांदूळ टोचले असते. उपासाचा साबुदाणा होता. तिने तो पिशवीत भरला. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नसला तरी सुईदोरा चालला असता, पण तेवढ्यात बेल वाजली. तिने भोकाला सेफ्टीपिन लावली, पिशवी जागेवर बसवली, पदर नीट केला आणि दार उघडलं.

वहिनींनी आत येताच टीव्हीवरून बोट फिरवलं. बोटावर धूळ आली. काल वारा सुटला होता, असं प्रेमा म्हणाली. वारा अहमदीलाही सुटला होता, असं वहिनी म्हणाल्या आणि बसल्या. मग त्यांनी मिरजेच्या घराचं, अंगणाचं, दुधाचं वर्णन केलं. प्रेमा चहा गाळत ऐकत होती. ट्रे उचलून बाहेर आली तेव्हा फरशीवर काहीतरी टपकलं आणि उडत कोचाखाली गेलं.

पाठोपाठ दुसरं.

तिने चालणं मंद केलं. साबुदाणाही मंद झाला, पण थांबला नाही. ती कोपर अंगाशी दाबून उभी राहिली, तशी वहिनींनी काळजीने विचारलं, दुखतंय का. थोडं, असं म्हणून ती घाईने बसायला गेली आणि एक मूठभर साबुदाणा निऱ्यांतून एकदम खाली आला.

ताराने तो पाहिला. आई कबुतरांसाठी खाऊ सांडते आहे आणि कबुतरं मात्र बाहेर राहिली आहेत, हा अन्याय तिच्या ध्यानात आला. तिने स्टुलावर चढून गॅलरीचं दार उघडलं.

पुढचा प्रकार वहिनींना कधीच सलग सांगता आला नाही. एक कबूतर टीव्हीवर बसलं, एक बशीत, बाकीची जमिनीवर आणि त्यांच्या पावलांपाशी. वहिनींना पाखरांची भीती होती, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या चहाच्या कपासकट कोचावर उभ्या राहिल्या. प्रेमा उजव्या हाताने टॉवेल फिरवत होती आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी आणखी सपाट होत होती. आवाज ऐकून फखरुन्निसाभाभी चादर घेऊन आल्या. "काय गो हे, जत्रा भरवलीस?" असं म्हणत त्यांनी एकेक पाहुणा बाहेर घालवला. एक तेवढा पडद्याच्या दांडीवर राहिला, तो येईना.

वहिनी खाली उतरून बसल्या. त्यांची नजर प्रेमाच्या पदरावर गेली आणि झटकन भिंतीकडे वळली. घर कसं चाललंय ते आता दिसलंच होतं. प्रेमाला वाटलं, आता ताराचं तिकीट काढतील.

तारा वहिनींच्या मांडीवर चढली. त्यांना समजावून सांगणं तिला आवश्यक वाटलं.

"काकू, आईचं निघतं. आत खाऊ असतो." मग तिने वहिनींच्या ब्लाऊजवर बोट टेकवून विचारलं, "तुझ्यात काय भरलंय? काढून दाखव ना."

फखरुन्निसाभाभींनी तोंड चादरीत खुपसलं. वहिनींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. विमानात दोन सीट पलीकडे बसून हाच प्रश्न ऐकणारे परके लोक, मिरजेच्या ओसरीवर बसलेले मामंजी आणि त्यांची भजनी मंडळी, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत.

"मी काय म्हणते प्रेमा," ताराचं बोट बाजूला करून त्या म्हणाल्या, "एवढं लहान मूल, ते आईजवळच बरं. जगन्नाथभाऊजींना मीच सांगेन. तू मध्ये बोलू नकोस."

प्रेमा मध्ये बोलली नाही.

संध्याकाळी जगन्नाथ आला तेव्हा वहिनींचा फोन त्याच्या ऑफिसात आधीच येऊन गेला होता. त्यांना तू कसं पटवलंस, असं त्याने विचारलं. प्रेमाने दांडीवरच्या कबुतराकडे पाहिलं आणि मग तिला हसू आलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. हसलं की टाके होते तिथे ओढ बसायची. ती तिथे हात धरून हसत राहिली, आणि मग दमून गादीवर आडवी झाली.

तारा शेजारी येऊन पडली. इतके महिने डाव्या बाजूला यायची तिला बंदी होती. आज नको म्हणायला प्रेमाच्या अंगात त्राण नव्हतं. ताराने हळूच त्या सपाट जागी कान टेकवला.

"इथे मऊ नाही," ती म्हणाली.

"नाही."

ती बराच वेळ तशीच पडून राहिली. ती झोपली असं प्रेमाला वाटलं.

"पण आई, इथून तुझी टकटक जास्त मोठी ऐकू येते."