राजी आहे, खुशी नाही

आपलं घर विकलं गेलंय, ही बातमी मास्तरीणबाईंना एका दातांच्या डॉक्टरकडून कळली. त्या ओट्यापाशी भांडी पुसत उभ्या होत्या. मास्तरांच्या मागोमाग एक हसतमुख गृहस्थ स्वयंपाकघरात आला, खिशातून माप घ्यायची टेप काढली आणि म्हणाला, "काकू, जरा सरकता का? ओट्याची लांबी घ्यायचीय."

परक्या माणसासमोर तमाशा नको म्हणून बाई सरकल्या. तो गेल्यावर मात्र दाराची कडी लागायच्या आत त्यांनी विचारलं, "हा कोण?"

"डॉक्टर आहेत, दातांचे. घर घेतायत."

"कोणाचं?"

"आपलं," मास्तर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मास्तरांनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली होती. सिद्धता लिहून झाली की खाली रेघ मारायची आणि पुढचं गणित घ्यायचं, ही त्यांची सवय. घराचंही त्यांनी तसंच केलं. बाईंनी तडक मुलीला फोन लावला, तर मुलगी म्हणते, "अगं, बाबांनी तुला सांगितलं नाही? मला तर केव्हाच म्हणाले." म्हणजे परगावच्या पोरीला माहीत, दातांच्या डॉक्टरला माहीत, आणि जिने तो ओटा रोज रात्री घासला तिलाच पत्ता नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं.

यात एक मेख होती. घर दोघांच्या नावावर होतं. घेताना मास्तरांचा पगार तोकडा पडला, तेव्हा बाईंच्या शिवणक्लासची मिळकत जोडूनच कर्ज मंजूर झालं होतं. डॉक्टरांच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत मास्तरांना बजावलं होतं, "सहमालकाची सही नसेल तर तुम्ही फार तर तुमचा अर्धा हिस्सा विकू शकता. माझ्या अशिलाला अर्धं स्वयंपाकघर नकोय."

"सहीचं काय घेऊन बसलात," मास्तर म्हणाले होते, "ती करेल."

करेल! हा शब्द ऐकून कुठल्याही बायकोच्या डोक्यात तिडीक जाईल, आणि जायलाच हवी. तळमजल्यावरची नवीन जागा ठरवून मास्तरांनी सामानही बांधून ठेवलं. नोंदणीच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "ओळखपत्र घे." बाईंनी घेतलं. अबोला चालू असल्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत आणि मास्तरांनी ते मौन संमतीच्या खात्यात टाकलं.

नोंदणी कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या खाली लोखंडी पट्टीने एकमेकींना जोडलेल्या होत्या. एक जण रागाने हलला की अख्खी रांग हलायची, आणि त्या दिवशी रांग सारखी हलत होती. शेवटी नंबर लागला. टेबलामागे नोंदणी करणारे साहेब, समोर बाई आणि मास्तर, मागे डॉक्टर आणि त्यांचे वकील. साहेबांनी मान वर न करता, रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य एका दमात म्हटलं, "घर राजीखुशीने कोणाच्याही दबावाशिवाय विकताय ना इथे बोट ठेवा."

बाईंचं बोट यंत्रावर टेकता टेकता थांबलं.

"काय म्हणालात?"

"बोट ठेवा."

"त्याच्या आधी."

आधी काय म्हटलं ते साहेबांनाही आठवावं लागलं. "राजीखुशीने विकताय ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. अख्ख्या नोकरीत त्यांना या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नव्हतं. लोक थेट बोट ठेवत. वकील लगबगीने पुढे आले. "काकू, हो म्हणायचं. ते नुसतं विचारायचं असतं."

"नुसतं कशाला विचारतात? उत्तर नको असेल तर विचारू नये माणसाने."

"तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?" साहेबांनी विचारलं.

"दबाव आणायला आधी तोंड उघडावं लागतं. माझ्याशी कोणी बोललंच नाही."

"म्हणजे घर विकायचं नाहीये?"

"विकायचंय की! तीन जिने आहेत, लिफ्ट नाही, माझे गुडघे कधीच बोंबलून थकले. पण मला न विचारता विकलंय, त्याची खुशी कुठून आणू? खोटं बोलू सरकारी कचेरीत?"

"थोडक्यात, तुम्ही राजी आहात."

"राजी आहे. खुशी नाही."

"ते एकत्रच आहे," साहेब म्हणाले. "सुटं मिळत नाही."

"साहेब, कायद्याला फक्त संमती लागते," वकील मधे पडले. "खुशी आपली शोभेला आहे."

इथे वकील चुकले. साहेब इतका वेळ कंटाळलेले होते, ते आता भडकले. "शोभेला? मी दिवसभर इथे शोभेची वाक्यं म्हणतो काय? सहमालकाने माझ्यासमोर नाही म्हटलंय. खात्री पटल्याशिवाय हा दस्त मी नोंदवणार नाही."

"अहो, माझं सामान खाली ट्रकमध्ये आहे!" डॉक्टर ओरडले. "जुन्या घराच्या किल्ल्या देऊन आलोय मी. बायको-पोरं ट्रकपाशी उन्हात उभी आहेत!"

"तरी घाई करू नका," वकिलांनी त्यांना बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "आज ओढूनताणून बोट घेतलं आणि उद्या या बाई कोर्टात म्हणाल्या की दबाव होता, तर खरेदीखत रद्दसुद्धा होऊ शकतं. मग तेच सामान परत ट्रकमध्ये."

डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू, मी विचारतो ना. तुम्हाला तुमचं घर मला विकायचंय का?"

"ओटा मोजायच्या आधी विचारायचं होतंत."

रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगदी बरोबर बोलताय तुम्ही." तिच्या नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं, "तू गप्प बस, आपला नंबर यायचाय अजून." त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पाणी प्यायला गेला तो बराच वेळ परत आला नाही.

आता मास्तरांचा बांध फुटला. "पुरे झाला तमाशा! तूच म्हणायचीस ना, जिने, जिने, जिने? उठता बसता जिने! म्हणून विकलं!"

"म्हणायचे! म्हणून काय लगेच विकायचं? उद्या म्हणेन जीव नकोसा झालाय, तर खड्डा खणाल?"

"चांगलं केलं तरी वाईट, नाही केलं तरी वाईट!"

"चांगलं केलंत ना? मग चोरासारखं का केलंत? पोरीला सांगितलंत, या दातवाल्याला सांगितलंत. मी कोण घरातली? ओट्याबरोबर फुकट येणारी वस्तू?"

खुर्च्यांची रांग हलायची थांबली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पाणी आलं म्हणून त्या आणखी चिडल्या होत्या. साहेबांनी आपला पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग अगदी साध्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय? घर विकायचं की ठेवायचं? तुम्ही म्हणाल तसं."

बाई पाणी प्यायल्या. पदराने डोळे पुसले.

"ज्याचं नावही माहीत नाही त्या माणसाने मला दहा मिनिटांत तीनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाला एकदा जमलं नाही. लिहा. विकायचंय. खुशीही लिहा, थोडी आहे आता." आणि त्यांनी यंत्रावर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी खिडकीतून खाली हात हलवला. खाली ट्रकचं इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं. वकिलांनी कपाळाचा घाम टिपला. साहेब मात्र एकदा मनापासून विचारल्यामुळे आता जुन्या चालीवर येईनात. त्यांनी मास्तरांकडे नीट पाहत विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला विकायचंय का घर?"

मास्तर हो म्हणायचं ठरवूनच आले होते. त्यांनी बोट पुढे केलं आणि यंत्राच्या वरच धरून ठेवलं.

"अहो, सांगा ना लवकर," बाई म्हणाल्या.

"कोणाला विकायचंय?" मास्तर एकदम खेकसले. "कोणाला हौस आलीय? सकाळी त्या खिडकीत ऊन येतं, तिथे बसून मी शब्दकोडं सोडवतो. चौकट माझ्या हाताने रंगवलीय मी. नवीन जागेत खिडकी उघडली की समोर भिंत! पण करतो काय? ही एक दिवस जिन्यात बसलेली दिसली. पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन, धापा टाकत. वर आल्यावर मला सांगते, शेजारणीशी गप्पा मारत होते. शेजारीण महिनाभर गावातच नव्हती! विकलं मग. विचारलं असतं तर हीच म्हणाली असती, तुमच्या खिडकीचं काय. खुशीने विकलं म्हणे! कसली डोंबलाची खुशी!"

बाई मास्तरांकडे बघतच राहिल्या.

"मग हे मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस?"

साहेबांनी शांतपणे दस्त मिटला. "एक मालक राजी, एक नाही. दोघं मिळून काय ते ठरवा आणि उद्या या."

"उद्या!" डॉक्टर खुर्चीत बसले, तशी अख्खी रांग हलली.

वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. दाराकडे निघालेल्या जोडप्याला त्यांनी गाठलं आणि हात जोडून म्हणाले, "एकच सांगा. उद्या विकताय ना?"

"यांना विचारून सांगते," बाई म्हणाल्या.

"हिला विचारून सांगतो," मास्तर त्याच वेळी म्हणाले.

आणि दोघं बाहेर पडले. बाईंची पिशवी मास्तरांनी आपल्या हातात घेतली आणि जिना उतरताना कठड्याकडची बाजू त्यांना दिली. डॉक्टरांना काय हवंय, ते मात्र कोणीच विचारलं नाही.