गोरखदादाची पारख

आमच्या ऑफिसात नवी खुर्ची आली की तिच्यावर लगेच कुणी बसायचं नाही. नियम गोरखदादाचा. तो आधी खुर्चीभोवती चक्कर मारतो, पाठीवर थाप देतो, एक पाय उचलून झटका देतो आणि मागं सरून म्हणतो, “वाईच थांबा. खोड बघू.” त्याच्या घरचा धंदा मेंढरांचा. दात बघितल्याबिगर मेंढरू घ्यायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. खुर्चीला दात नसतात, एवढीच त्याची अडचण.

बीडला बसस्थानकामागे आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. मी गिऱ्हाइकं सांभाळते, स्नेहल डिझाइन करते आणि गोरखदादा कोड लिहून ते डिझाइन चालतं-बोलतं करतो. या चालतं-बोलतं करण्यात इतके दिवस जायचे, की मंगल कार्यालयाचे मालक मला फोनवर विचारायचे, “ताई, वेबसाइट लग्नसराई सरल्यावर देणार का?”

शेवटी स्नेहलनं एक नवं टूल शोधलं. कोड लिहायचा नाही. पडद्यावर चौकोन ओढायचे, फोटो सोडायचे, की वेबसाइट तयार! आता हे घ्यावं की नाही, हे पारखणारा माणूस आमच्याकडं एकच. पंचाईत अशी, की टूल चांगलं निघालं तर त्याचंच निम्मं काम जाणार. मी चाचरतच त्याला सांगितलं.

“मंग मलाच बघू द्या,” तो म्हणाला. “लई गोड बोलून इकलेल्या जनावरात खोड आसतीच.”

त्यानं त्या टूलचे जे हाल केले, ते वैऱ्याचेही होऊ नयेत. नवरदेवाचं नाव एवढं लांबलचक लिहिलं, की ते नवरीच्या फोटोवरून आरपार गेलं. काम ऐन भरात असताना त्यानं नेटची वायर उपटली. “लाइट गेल्यावर कसं वागतंय ते बघायचं.” मग एकदम ओरडला, “आवो, ह्यानं ज्ञानेश्वराच्या नावातली मात्रा खाल्ली की!”

“दादा, तुम्ही पारख करताय का सूड घेताय?” स्नेहल वैतागली.

“सूड न्हाई, सोयरीक हाय. आधी घर बघावं लागतं.”

मग आली फोनची परीक्षा. जेवणानंतर तो कुणाला तरी फोन लावायचा, स्पीकर सुरू करायचा आणि समोरच्याला मोबाइलवर आमची कच्ची वेबसाइट उघडायला लावायचा.

“हिरवं बटन दिसतंय का?”

पलीकडून खरखरीत आवाज यायचा, मागं मेंढरांचा कालवा. “मला तं समदी खिचडी दिसती.”

“पान वर सरकवा, पान!”

“पान सोडलंय मी. तंबाखू खातो.”

आम्ही दोघी पोट धरून हसायचो. गोरखदादा मात्र गंभीरपणे स्नेहलला सांगायचा, “अक्षरं मोठी करा. त्यांला दिसंनात.”

“हे गिऱ्हाईक कोण?” मी विचारलं.

“शिरूर कासारकडचं हाय एक. त्यांला कळलं म्हंजी जगाला कळलं.”

आणि एक दिवस त्यानं निकाल दिला. “घ्या. जनावर गुणाचं हाय. तुटकी अक्षरं मी सांधतो, बाकी समदं स्नेहल एकटी हाकील.” स्वतःचं काम कमी होणार हे माहीत असून त्यानं एक अक्षरही खोटं सांगितलं नाही.

मंगल कार्यालयाची वेबसाइट वेळेत झाली. मालकांनी पेढे पाठवले. गोरखदादा मात्र पेढा हातात धरून नुसता बसलेला. मी जवळ गेले. “दादा, कामाची काळजी करू नका. तुमच्यावाचून आमचं पान हलत नाही.”

“कामाचं न्हाई ओ ताई,” तो म्हणाला. “फोनचं हाय. त्ये गिऱ्हाईक म्हंजी आमचे आबा, माझे वडील.”

मग त्यानं अडखळत सांगितलं. मेंढरं सोडून हा कॉम्प्युटर शिकायला आला, तेव्हापासून आबांनी बोलणं टाकलं होतं. “गावाला गेलो तरी ताट वाढलेलं आसायचं, पर शब्द न्हाई. ह्या टायमाला म्हनलं, आबा, कामात अडलंय, जरा मोबाइल बघता का? अडलेल्याला त्ये न्हाई म्हनत न्हाईत. आता काम सरलं. आता कशापायी फोन करू?”

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. त्यानं सवयीनं स्पीकर लावला.

“गोरख्या, आज फोन न्हाई आला. दुखतंय का काय?”

“न्हाई आबा. त्ये... काम सरलं.”

पलीकडं मेंढरं बें बें करत होती. मग आबा खाकरले. “बरं. जेवलास का?”

“जेवतोय की,” गोरखदादा म्हणाला आणि अख्खा पेढा तोंडात कोंबला. पुढं कितीतरी वेळ त्याला बोलायला तोंड मोकळं नव्हतं. आबाच बोलत राहिले. कुठली मेंढी व्याली, टेकाडावर गवत किती आलं, शेजारच्या पोराचं लग्न कुठं ठरलं. मी स्नेहलला खूण केली आणि आम्ही दोघी चहाला बाहेर पडलो.