लाल जमिनीवर पांढरे मोर

“सोलापूर जिल्ह्यात संशयाला शास्त्राचा पाया घालून देणारा पहिला माणूस आज तुमच्यासमोर उभा आहे,” असं अप्पा आरशाला म्हणाले, तेव्हा ते बनियनवर होते. आपल्या तर्काला वस्तऱ्याची धार आहे, असंही त्यांनी आरशाला सांगितलं. हे सांगताना त्यांच्या हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला होता, कारण खऱ्या वस्तऱ्यानं नुकतीच आपली धार दाखवली होती. स्वयंपाकघरातून अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, विचारलं की हा पहिला माणूस शर्ट कधी घालणार आहे, भाकरी गार होतेय.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचा तो आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस होता. तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तो साध्या दिवसासारखाच गेला.

माझे वडील, प्राध्यापक शिवलिंगप्पा हत्तुरे, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. मनानं ते गुप्तहेर होते. आमच्या गल्लीत त्यांनी यशस्वीपणे सोडवलेल्या प्रकरणांत गौरम्माची हरवलेली शेळी मोडते. अप्पा तीन शेजाऱ्यांची उलटतपासणी घेत असताना ती आपल्या पायांनी घरी आली होती. तपासाचा दबाव वाढल्यामुळे ती परतली, असं अप्पांचं मत होतं. मी त्यांची सहायक. त्याच कॉलेजात मी प्रात्यक्षिकं घ्यायची आणि अप्पांच्या तपासात पिशवी धरायची. पगार फक्त पहिल्या कामाचा मिळे.

त्या आठवड्यात मात्र सरकारनंच त्यांना बोलावलं होतं. ठसे, हस्ताक्षरं, कपड्यांचे तंतू तपासणारी जिल्ह्याजिल्ह्यांतली मंडळी आमच्या कॉलेजात प्रशिक्षणाला आली होती. पुराव्याचं वजन आकड्यांत कसं करायचं, हे अप्पांनी त्यांना शिकवायचं होतं. ही मंडळी कोर्टात उभी राहून “जुळतं” म्हणतात आणि खाली बसतात, ही अप्पांची जुनी तक्रार. त्यांच्या मते ते अर्धंच वाक्य झालं. आणखी किती जणांशी जुळलं असतं, हे सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही.

वर्गावर देखरेख करायला मुंबईहून इन्स्पेक्टर खारकर आले होते. उंच, गोरे आणि कायमचे घाईत. त्यांचं म्हणणं, जुळलं की जुळलं, त्यात आकडे कशाला घालता.

त्या दिवशी समारोप होता. मी मायक्रोस्कोप घेऊन रिक्षानं मागाहून पोचले. वर्गात मोठ्या टेबलावर लाल मोरांची पांढरी चादर अंथरलेली होती. तिच्यावर चिकटपट्ट्या, काचपट्ट्या, भिंगं मांडलेली. मी मायक्रोस्कोप दोन मोरांच्या मधोमध ठेवला. सगळे टेबलाभोवती कोपरं टेकून उभे होते. चोरी झाली होती.

संध्याकाळच्या पाहुण्या दाक्षायणीबाईंच्या सत्कारासाठी आणलेली सोलापुरी चादर नाहीशी झाली होती. कॉलेजचे कारकून शंकरप्पा यांनी ती आदल्या दिवशी घेतली, सकाळी पुडक्यातून याच वर्गात आणून ठेवली, आणि तासाभरात पुडकंच नव्हतं. त्यांनी वर्णन दिलं, लाल जमिनीवर पांढरे मोर. खारकरांनी ते मोठ्यानं पुन्हा म्हटलं आणि तपास सुरू झाल्याचं जाहीर केलं. अप्पांच्या डोळ्यांत जे आलं ते मी आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. एकदा शेळीच्या वेळी, आणि आता.

अप्पांचा पहिला सिद्धान्त असा की चोर सोलापूरबाहेरचा आहे. सोलापूरच्या माणसाच्या घरात सहा चादरी आधीच असतात, लग्नात आलेल्या, मुंजीत आलेल्या, कुणीतरी निवृत्त झाल्यावर आलेल्या. तो सातवी चोरेल कशाला, ठेवणार कुठं? त्याच्यासाठी चोरी म्हणजे अडचण. बाहेरच्या माणसाला मात्र मोह होईल. वर्गातली सगळी मंडळी बाहेरचीच होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नागपूरच्या हस्ताक्षरतज्ज्ञांची ट्रंक फार फुगलेली आहे, हे अप्पांनी हेरलं. ट्रंक उघडली. आत चार चादरी निघाल्या. चारींच्या पावत्याही निघाल्या. पावत्यांवरची सही बनावट असू शकते, असं अप्पांनी सुचवलं. मग ती तपासायला वर्गातला एकमेव हस्ताक्षरतज्ज्ञ पुढं आला, आणि तो ट्रंकेचा मालक होता. अप्पांनी तो धागा तिथंच सोडला.

तोवर खारकरांनी खरा धागा धरला होता. कॉलेजचा हंगामी शिपाई महबूब याच्या सायकलच्या कॅरिअरला चादरीचं गाठोडं होतं. लाल जमीन, पांढरे मोर. महबूबच्या बाहीवरून चिकटपट्टी फिरवली, ती मायक्रोस्कोपखाली धरली, लाल तंतू दिसला. खारकर म्हणाले, जुळतं. आणि खुर्चीत बसले.

महबूब पाच वर्षं हंगामी होता. पुढच्या आठवड्यात त्याचा कायमचा हुकूम निघायचा होता. खारकरांनी प्राचार्यांना लिहायला कागद पुढं ओढला, की या माणसाची नेमणूक रोखावी. महबूब एक पाऊल पुढं आला.

“सायेब, माझ्या खालाची, मावशीची हाय ती चादर,” तो म्हणाला. “ती अक्कलकोट रोडला मागावर काम करती. तिच्याकडं पोचवायची हाय. मी न्हाय घेतली तुमची.”

खारकरांनी लिहिताना मान वर केली नाही. अप्पांनी पुढं होऊन त्यांच्या कागदावर आपला हात ठेवला. लिहित्या इन्स्पेक्टरच्या कागदावर कुणी हात ठेवत नाही. मला वाटलं, आता काहीतरी होणार. पण अप्पांनी फळ्याकडे बोट केलं आणि वर्गाला विचारलं, महबूबनं चादर घेतली असेल तर त्याच्या बाहीवर लाल तंतू सापडण्याची शक्यता किती? बरीच, असं सगळे म्हणाले. आणि घेतली नसेल तर किती? अप्पा म्हणाले की हे दुसरं उत्तर मिळेपर्यंत कुणी काही लिहायचं नाही. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, आणि जो भागाकार येईल तेवढंच पुराव्याचं वजन.

इथवर अप्पा अत्यंत योग्य होते. इथून पुढं ते तपासाला लागले.

लाल जमिनीच्या मोरांच्या चादरी गावात किती, हे मोजायला त्यांनी सगळ्या वर्गाला आसपासच्या गच्च्यांवर पाठवलं. सोलापूरच्या उन्हात पोलीस खात्याची माणसं दोरीवरच्या चादरी मोजत हिंडली. एका बाईनं त्यांना जनगणनेचे समजून घरातली माणसंही मोजायला लावली. दुपारी सगळे परत आले. लाल जमिनीच्या काही, पांढऱ्या जमिनीच्या काही, हिरव्या बऱ्याच. साताऱ्याचे ठसेतज्ज्ञ मात्र घामाघूम आणि घाबरलेले होते. ते म्हणाले, एका गच्चीवर आपण लाल चादर पाहिली, लिहायला खाली पाहिलं, वर पाहिलं तर ती गेलेली. तिच्या जागी पांढरी. वारा सुटला, डोळे चोळले, तर पुन्हा लाल.

अप्पा फळ्यासमोर येरझाऱ्या घालू लागले. हा एकट्याचा उद्योग नाही, असं त्यांनी जाहीर केलं. ही टोळी आहे. लाल चादरी पळवायच्या आणि संशय येऊ नये म्हणून जागी पांढरी टाकायची. एक साथीदार गच्चीवर, एक खाली, तिसरा बहुधा वाऱ्याची दिशा सांगणारा. त्यांनी मला टोळीचा नकाशा काढायला सांगितलं. मी काढला. त्यात बाणच जास्त होते. खारकरांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं की यात महबूब कुठं बसतो. अप्पा म्हणाले, कुठंच बसत नाही, हेच तर या नकाशाचं बलस्थान आहे.

खारकरांचा संयम संपला. समारोपाला अर्धा तास होता. त्यांनी पुन्हा कागद ओढला. महबूब दाराशी उभा होता आणि हातातलं फडकं पिळत होता, ते कोरडंच होतं.

तेव्हा अप्पांनी नकाशा घडी करून खिशात घातला. आवाज न चढवता ते म्हणाले की अजून एक प्रयोग राहिलाय. त्यांनी चिकटपट्टी घेतली आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या बाहीवरून फिरवली. नागपूरकरांच्या, सातारकरांच्या, शंकरप्पांच्या, माझ्या पदरावरून. सगळ्या पट्ट्या एकेक करून मायक्रोस्कोपखाली गेल्या. सगळ्यांवर लाल तंतू होता. शेवटी अप्पा खारकरांकडे वळले. खारकरांनी हात मागं घेतला, मग सगळे पाहताहेत हे पाहून पुढं केला. इन्स्पेक्टर खारकरांच्या मनगटाशी तीन तंतू निघाले, सर्वांत जास्त.

“याचा अर्थ काय?” खारकर म्हणाले. “आम्ही सगळे चोर?”

“महबूब चोर असेल तर सगळेच,” अप्पा म्हणाले. “तसं लिहायचं असेल तर जरूर लिहा. पण यादीत पहिलं नाव माझं घाला, हत्तुरे, शिवलिंगप्पा. महबूबचं सगळ्यात शेवटी.”

खारकरांनी पेनचं टोपण लावलं. तेवढ्यात दाक्षायणीबाई आल्या.

दाक्षायणीबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. शहरातल्या निम्म्या सत्कारांना त्या अध्यक्ष असत आणि उरलेल्या निम्म्यांत सत्कारमूर्ती. चादर हरवल्याचं शंकरप्पांनी त्यांना रडवेल्या आवाजात सांगितलं. बाई म्हणाल्या, फार बरं झालं, माझ्या घरी कपाट मिटत नाही. मग त्या टेबलाशी बसल्या आणि चहाचा कप ठेवला. टेबल डुगडुगलं, चहा बशीत सांडला. खाली कागदाची घडी सारावी म्हणून बाईंनी चादरीचा कोपरा उचलला आणि तो उलटून टेबलावर टाकला.

उलटलेल्या कोपऱ्यावर लाल जमीन होती. तिच्यावर पांढरा मोर होता. मोराच्या शेपटाशी दुकानाची चिठ्ठी शिवलेली होती, नवी कोरी.

बाईंनी विचारलं, “माझ्या सत्काराची म्हणतात ती हीच का?”

सोलापूरच्या माणसाला दोन अंगांची चादर समजावून सांगावी लागत नाही. वरून लाल जमिनीवर पांढरे मोर असतील तर उलटून पांढऱ्या जमिनीवर लाल मोर, हे इथं पाळण्यातल्या पोराला कळतं, कारण ते त्याच चादरीत गुंडाळलेलं असतं. त्या खोलीत जन्मानं सोलापूरचे चार जण होते, आणि आम्ही सकाळपासून त्या चादरीवर कोपरं टेकून तिलाच शोधत होतो. सातारकरांनी हळूच विचारलं की मग गच्चीवरची टोळी म्हणजे वाराच का. नागपूरकर आपली ट्रंक पुन्हा बंद करायला गेले.

आता प्रश्न उरला, ती टेबलावर अंथरली कुणी? अव्वानं टेबलासाठी म्हणून घरून एक जुनी चादर बांधून दिली होती. ती घरी उंबऱ्याशीच राहिली होती. वर्गात आल्यावर अप्पांना समोर पुडकं दिसलं, ते आपलंच समजून त्यांनी सोडलं आणि अंथरलं. हे सगळं त्यांना त्या क्षणी आठवताना मी पाहिलं. त्यांनी घसा साफ केला.

“पहिलं नाव माझं घाला, असं मी आधीच सुचवलं होतं,” ते म्हणाले.

दाक्षायणीबाई इतक्या हसल्या की उरलेला चहाही सांडला, आणि त्यांचा सत्कार एका ओल्या चादरीनं झाला. खारकरांनी अर्धा लिहिलेला कागद फाडला, तुकडे करून स्वतःच्या खिशात घातले. मग ते महबूबजवळ गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण महबूबनं मान हलवली आणि फडकं खांद्यावर टाकलं. निघताना खारकरांनी अप्पांना गाठलं. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं, ट्रंक, टोळी, वारा. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, की महबूबनं चादर घेतली नाही याची तुम्हाला इतकी खात्री कशी होती.

“खात्री कुठं होती?” अप्पा म्हणाले. “म्हणून तर लिहू देत नव्हतो.”

घरी येताना मी स्कूटरवर त्यांच्या मागं बसले होते. सात रस्त्याच्या चौकापर्यंत एक वाक्य माझ्या तोंडाशी आलेलं होतं. आमच्या घरात अशी वाक्यं म्हणायची सवय नव्हती. मी वाकून म्हणाले, अप्पा, हळू चालवा, पुढं खड्डा आहे. ते म्हणाले, तो खड्डा मी कधीच हेरलाय. आणि त्यात गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच अप्पा वारले. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. खात्रीनं म्हटलं.

दोन महिन्यांनी पुढची तुकडी आली. अप्पांच्या जागी मला शिकवायला सांगितलं. मी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले, घेतली असेल तर किती, घेतली नसेल तर किती, आणि दिवसभर त्यावरच बोलले. लाल मोरांची गोष्टही सांगितली. सगळे खूप हसले. संध्याकाळी मंडळी गेली. महबूब कायमच्या नोकरीचा नवा खाकी सदरा घालून खिडक्या लावत होता. त्यानं विचारलं, बाई, फळा पुसू का. मी म्हटलं, थांब जरा.

मग त्या रिकाम्या वर्गात, महबूबच्या देखत, मी मोठ्यानं म्हणाले, “अप्पा, त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला.”